मंगळावरील वजन आणि गुरुत्व

मंगळाच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सरासरी ३.७१ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पृथ्वीवर ते ९.८१ असल्याने कोणत्याही वस्तूचे मंगळावरील वजन पृथ्वीवरील वजनाच्या सुमारे ३८ टक्के भरते. वस्तुमान मात्र दोन्हीकडे तेच राहते. शाळेत पाठ केलेला हा भेद मंगळावर यान उतरवताना फार महत्त्वाचा ठरतो.

मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम ११ टक्के. नुसत्या त्यावरून हिशेब केला, तर वजन नवव्या हिश्श्याएवढेच भरायला हवे. पण त्याची त्रिज्याही ३,३९० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे. पृष्ठभागावरची वस्तू केंद्राच्या तेवढी जवळ असते आणि अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते. बुधाचे उदाहरण तर याहून बोलके आहे : तो मंगळापेक्षा बराच लहान, पण अधिक घन, त्यामुळे दोन्ही ग्रहांवर वजन जवळजवळ सारखे भरते.

६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन पृथ्वीवर सुमारे ५८९ न्यूटन, तर मंगळावर २२३ न्यूटन होईल. इथला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) तिथे नेला, तर तो २३ किलोच्या आसपास थांबेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र समोर ६० किलोची मापे ठेवावीच लागतील, कारण मापांवरची ओढही त्याच प्रमाणात घटलेली असते. एक मीटर उंचीवरून सोडलेला दगड पृथ्वीवर ०.४५ सेकंदात खाली येतो, मंगळावर त्याला ०.७३ सेकंद लागतात. उचलायला हलकी झालेली वस्तू एकदा वेगात आली, की तिला अडवायला पृथ्वीवर लागतो तेवढाच जोर लागतो; जडत्व वस्तुमानावर ठरते.

‘क्युरिऑसिटी’ ही ८९९ किलोग्रॅमची बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली, तेव्हा हीच अडचण होती. वातावरणात शिरताना यानाचा वेग सेकंदाला जवळपास ६ किलोमीटर होता. उष्णतारोधक कवच आणि पॅराशूट यांनी तो सेकंदाला सुमारे ८० मीटरवर आणला. त्यापुढे विरळ हवेत पॅराशूटचे काही चालत नाही. शेवटचा टप्पा रॉकेटांच्या उलट्या झोतावर तोलून पार पाडावा लागला आणि बग्गी दोरांनी जमिनीवर सोडण्यात आली.

मंगळावर हवेचा सरासरी दाब सुमारे ६ मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड असून सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गुरुत्व कमी म्हणून हवा निसटली, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर गुरुत्व मंगळाहून कितीतरी कमी, तरी तिथला हवेचा दाब पृथ्वीपेक्षा जास्त आहे. टायटन अतिशय थंड असल्याने तिथले रेणू संथ असतात. मंगळाचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ५ किलोमीटर (पृथ्वीचा ११.२), त्यात ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र फार पूर्वीच नाहीसे झालेले, त्यामुळे सौरवाताला, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताला, वरचे वायू ओढून नेणे सोपे गेले. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मावेन’ यानाने ही गळती प्रत्यक्ष मोजली आहे.

‘इन्जेन्युइटी’ या १.८ किलोग्रॅमच्या हेलिकॉप्टरला कमी वजनाचा फायदा मिळाला, पण विरळ हवेने तो खाऊन टाकला. १९ एप्रिल २०२१ रोजी पहिल्यांदा उडताना त्याची पाती मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेत होती.

मानवी शरीराबाबत अंदाज बांधताना जपून राहावे लागते. अंतराळ स्थानकातील वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा सुमारे एक टक्का घटते. चंद्रावर, म्हणजे एक षष्ठांश गुरुत्वात, माणूस एका मोहिमेत जास्तीत जास्त ७५ तास राहिला आहे. ३८ टक्के गुरुत्व हाडे टिकवायला पुरेसे आहे का, हे तिथे दीर्घकाळ राहिल्याशिवाय ठरणार नाही.

मंगळावर सगळीकडे गुरुत्व अगदी एकसारखेही नाही. ‘क्युरिऑसिटी’ मंगळावरचा शार्प पर्वत चढत असताना तिच्या दिशादर्शनासाठी बसवलेल्या त्वरणमापकांच्या नोंदींतून संशोधकांनी गुरुत्वातील बारीक बदल वेचून काढले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पायथ्याखालच्या खडकाची घनता घनमीटरला सुमारे १,६८० किलोग्रॅम, म्हणजे अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. खडक इतका सच्छिद्र राहिला, त्या अर्थी त्याच्यावर कधीकाळी अनेक किलोमीटर जाडीचा गाळ साचला असण्याची शक्यता कमी दिसते.