इन्फ्लेशनचं बारसं झालं, पण बाळ कुठंय?

आकाशात एका टोकाला दुर्बीण लावा, मग बरोब्बर उलट्या टोकाला लावा, दोन्हीकडून येणाऱ्या आदिम मायक्रोवेव्ह प्रकाशाचं तापमान सारखंच भरतं, साधारण २.७ केल्विन, फरक पडलाच तर लाखात एखादा भाग. आता साध्या बिग बँगच्या हिशोबाने या दोन जागांची कधी गाठच पडलेली नाही, प्रकाशालाही मधलं अंतर कापायला वेळ मिळाला नव्हता, मग तापमान जुळलं कसं? भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथने १९८१ मध्ये तोडगा मांडला, त्याचं नाव इन्फ्लेशन (महागाई नव्हे, फुगणं): विश्व अगदी सुरुवातीला, डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी, निदान १ वर २६ शून्यं इतक्या पटीने फुगलं, म्हणजे आज लांब दिसणाऱ्या त्या जागा मुळात शेजारीच होत्या.

झकास! पण फुगवलं कुणी? तर म्हणे 'इन्फ्लाटॉन' नावाच्या फील्डने (फील्ड म्हणजे सगळीकडे पसरलेली, जागोजागी एक किंमत असलेली राशी). हे म्हणजे बारसं उरकलं आणि बाळाचाच पत्ता नाही.

स्ट्रिंग थिअरीत (कण म्हणजे मुळात थरथरत्या बारीक तारा, असं मानणारा सिद्धांत) मात्र अशी बाळं ढिगाने सापडतात. तिला काळ धरून १० मिती लागतात, आपल्याला ४ दिसतात, उरलेल्या ६ बारीक गुंडाळलेल्या, आणि त्यांच्यातलं जे जे माप बदलू शकतं ते आपल्याला इकडे एक फील्ड म्हणून जाणवतं. मला सगळ्यात आवडते ती ड्वाली आणि टाय या भौतिकशास्त्रज्ञांची १९९८ ची आयडिया: ब्रेन (मेंदू नव्हे, पडद्यासारखी वस्तू) त्या जास्तीच्या मितींत एकमेकांकडे हळूहळू सरकताहेत, त्यांच्यातलं अंतर हाच इन्फ्लाटॉन. पुढे याचं ब्रेन-अँटिब्रेन (ब्रेन आणि त्याचा उलटा जोडीदार) व्हर्जन आलं, त्यात दोघं आदळून नष्ट होतात, फुगणं थांबतं आणि त्या ऊर्जेतून गरम कणांनी भरलेलं विश्व सुरू होतं.

घोडं अडतं ते त्या ६ मिती जागेवर धरून ठेवण्यात, म्हणजे त्यांची मापं बदलू न देण्यात. २००३ मध्ये चौघांनी त्याचा मार्ग काढला (त्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी होते), पण इन्फ्लाटॉन आपल्या ऊर्जेच्या उतारावरून हळूहळू घरंगळतो तोवरच विश्व फुगतं, आणि त्याच वर्षी हेही कळलं की मिती धरून ठेवायला गेलं की हा उतारच तीव्र होतो, फुगणं लगेच आटपतं, मग आकडे जपून जुळवावे लागतात. कमरुन वाफा हे भौतिकशास्त्रज्ञ आणि मंडळींनी तर २०१८ मध्ये असा सपाट उतार स्ट्रिंग थिअरीत बसतच नसावा असा अंदाज मांडला.

तपासायचं कसं? इन्फ्लेशनमधून गुरुत्वीय लहरी (खुद्द अवकाशातले तरंग) निघायला हव्यात, त्यांचं प्रमाण 'आर' या आकड्यात मोजतात. ॲक्सिऑन मोनोड्रोमी या स्ट्रिंगवाल्या मॉडेलच्या सरळ रेषेच्या उताराने सुमारे ०.०७ सांगितलं होतं, दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी २०२१ मध्ये वरची मर्यादा ०.०३६ वर आणली, म्हणजे ते गेलं. ब्रेनवाल्या मॉडेलचा आर मात्र इतका चिमुकला की ते असल्या मोजणीच्या तावडीत सापडतच नाही, माझ्या लाडक्याची हीच चलाखी मला जरा खटकते.