क्वांटम संगणकातील नॉइजचे दृश्य विश्लेषण

क्यूबिट (क्वांटम संगणकाचा बिट), गेट (क्यूबिटवरची एक क्रिया) आणि मापन यांतील चुकांच्या, म्हणजेच नॉइजच्या, नोंदी नकाशे व आलेखांत मांडून, सर्किट (गेटची क्रमवार मांडणी) कोणत्या क्यूबिटवर आणि केव्हा चालवायचे हे ठरवण्याची पद्धत.

यासाठी यंत्र समोर असावे लागत नाही. अतिवाहक क्यूबिटची चिप सुमारे 15 मिलिकेल्व्हिनच्या थंडीत दूर कुठेतरी असते. आयबीएमने 2016 मध्ये 5 क्यूबिटचे यंत्र क्लाउडवर खुले केले, तेव्हापासून सांगली किंवा कराडमधल्या लॅपटॉपवरूनही सर्किट पाठवता येते. सोबत कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राच्या तपासणीचे, आकडे मिळतात: प्रत्येक क्यूबिटचे टी1 व टी2 (0 आणि 1 यांची एकत्र अवस्था किती टिकते ते), वाचनातील चूक, आणि प्रत्येक जोडीवरील गेटची चूक.

टी1 म्हणजे क्यूबिट 1 या स्थितीत किती टिकतो त्याचे माप. त्याची सरासरी काढून थांबू नये. सांगलीकरांना हे पावसाळ्यात वेगळे सांगावे लागत नाही: आयर्विन पुलापाशी पाणी 38 फुटांवर आहे एवढ्यावर कोणी सामान हलवत नाही, ते चढते आहे की उतरते, कोयनेतून विसर्ग किती, हे आधी विचारतात. चिपमधील सूक्ष्म दोषांची वारंवारता क्यूबिटच्या वारंवारतेशी जुळली की टी1 काही तासांतही खूप घसरू शकतो. म्हणून प्रत्येक क्यूबिटसाठी वेळेची रेषा काढावी.

दुसरे चित्र चिपच्या नकाशाचे. वर्तुळ म्हणजे क्यूबिट, त्याचा रंग वाचनातील चुकीचा. रेघ म्हणजे जोडी, तिचा रंग गेटच्या चुकीचा. रंगपट्टी लॉगरिदमिक हवी. बंद पडलेल्या गेटची चूक 1 अशी नोंदलेली असू शकते. साध्या पट्टीवर तिच्यापुढे 0.005 आणि 0.03 एकाच रंगाचे दिसतात, आणि सहापट फरक नजरेतून सुटतो. हा फरक महागात पडतो. शेजारी नसलेले क्यूबिट जवळ आणायला स्वॅप (दोन क्यूबिटच्या स्थितींची अदलाबदल) लागतो, आणि एका स्वॅपला 3 सीनॉट, म्हणजे दोन क्यूबिटवर चालणारे गेट. 3 टक्के चुकीच्या जोडीवरून एक स्वॅप केला तर अचूकता 0.97³, म्हणजे सुमारे 0.91 उरते, 0.5 टक्क्याच्या जोड्यांवरून वळसा घालून दोन स्वॅप केले तरी 0.97. वळशात वेळ जास्त जातो, त्यामुळे वाटेतल्या क्यूबिटचे टी1 व टी2 आधी पाहावेत. दोन गेट एकाच वेळी चालताना होणारा क्रॉसटॉक (एकाचा दुसऱ्यावर पडणारा परिणाम) मात्र एकेकट्या गेटच्या आकड्यांत उमटत नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

शेवटी निकालाचा स्तंभालेख. बेल अवस्थेच्या (दोन क्यूबिटचे निकाल एकमेकांशी जुळणारी अवस्था) 1024 फेऱ्यांत 00 आणि 11 निम्मे-निम्मे यावेत. 01 व 10 चे स्तंभ म्हणजे नॉइज. 11 सतत कमी भरत असेल तर संशय टी1 वर आणि 1 चे 0 असे वाचले जाण्यावर घ्यावा. नुसत्या मोजणीमुळेही स्तंभ 16-एक फेऱ्यांनी हलतो, म्हणून त्रुटिरेषा काढल्याशिवाय दोन स्तंभांची तुलना करू नये. क्विस्किट या आयबीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत उजवा अंक क्यूबिट 0 चा असतो. तो उलटा वाचला तर दोष चांगल्या क्यूबिटच्या माथी बसतो आणि बिघडलेला तसाच वापरात राहतो.