लाटेसाठी वजन

मोटरबोट वेगाने गेली की तिच्यामागे पाणी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंना लाटेची एकेक कड उठते. इंग्रजीत हिला वेक म्हणतात. बोटीच्या दोरीला धरून, रुंद फळीवर पाय अडकवून उभा असलेला खेळाडू एका कडेवरून उडतो आणि पलीकडच्या कडेमागे उतरतो, हेच वेकबोर्डिंग. लाट उंच आणि भरीव असेल तेवढी उडी मोठी, आणि लाट मोठी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बोटीत वजन भरणं. या वजनाला बॅलास्ट म्हणतात. आज खास या खेळासाठी बांधलेल्या बोटींच्या टाक्यांत आणि पिशव्यांत मिळून टनभर पाणी सहज मावतं. पण हा खेळ ज्या बोटींमागे वाढला त्या बोटी लाट उठूच नये म्हणून घडवलेल्या होत्या. हे उलटं कसं झालं, ते कळल्याशिवाय या बोटींच्या लाटांवरून आणि टाक्यांतल्या पाण्यावरून आज अमेरिकेतल्या तळ्यांवर चाललेला वाद नीट समजत नाही.

सुरुवात वॉटर स्कीइंगपासून करावी लागते. १९२२ च्या जुलैत मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या दोन फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि बोटीमागे उभं राहून दाखवलं. पुढच्या काही दशकांत या खेळात स्पर्धा आल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांमधून वळणं घेण्याचे मार्ग आखले गेले, आणि बोट चांगली की वाईट याची कसोटी ठरली ती मागचं पाणी किती सपाट राहतं यावर. पुरुषांच्या स्लालम, म्हणजे अशा वळणांच्या, स्पर्धेत बोट ताशी ५८ किलोमीटरने धावते. त्या वेगात लाटेचा लहानसा उंचवटाही स्कीला हिसका देतो. फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्ट कंपनीची १९६१ ची स्की नॉटिक ही याच गरजेतून आली. १९६८ मध्ये रॉब शर्ली या स्की प्रशिक्षकाने टेनेसीत मास्टरक्राफ्ट सुरू केली, तीही बाजारातल्या बोटींच्या लाटांवर समाधान न झाल्यामुळेच. या बोटी हलक्या, सपाट बुडाच्या, इंजिन बरोबर मध्यभागी. पाण्यावरून घसरत जायचं आणि मागे शक्य तितक्या कमी खुणा ठेवायच्या, एवढंच त्यांचं काम.

१९८५ मध्ये सॅन दिएगोच्या टोनी फिनने सर्फबोर्ड आणि स्की यांच्या मधली एक फळी काढली आणि तिचं नाव ठेवलं स्कर्फर. त्याच सुमारास टेक्सासात जिमी रेडमन अशाच फळीवर पाय अडकवायला पट्टे लावत होता. पट्टे आले आणि फळी पायांसोबत हवेत उचलता येऊ लागली. पुढचं मोठं पाऊल १९९० चं. हर्ब ओब्रायन यांनी हायपरलाइट नावाची फळी आणली. ती ना उसळून वर यायची, ना बुडायची, त्यामुळे खोल पाण्यातून उठणं सामान्य माणसालाही जमू लागलं. फळीचा प्रश्न असा सुटला, पण बोट तीच जुनी राहिली: सपाट बुडाची, लाट लपवणारी.

इथून पुढचा भाग मला या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो कारखान्यात नाही, धक्क्यावर घडला. लाट हवी तर बोट खोल बसली पाहिजे, हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते; सारलेलं पाणी मागे पुन्हा एकत्र येताना उसळतं; जास्त वजन म्हणजे जास्त पाणी, म्हणजे मोठी उसळी. म्हणून पोरांनी आधी मित्रांना बोटीत बसवलं. मग वाळूची पोती आली, शिशाचे ठोकळे आले, पाण्याने भरलेली पिंपं आली. मग पाण्याच्या गाद्यांसारख्या जाड, लवचीक पिशव्या निघाल्या. त्यातल्या एकीचं व्यापारी नाव फॅट सॅक इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीच्या पिशवीला लोक तेच म्हणू लागले.

पाणीच का जिंकलं? वाळू आणि शिसं रोज धक्क्यापर्यंत वाहून न्यावं लागतं, ट्रेलरवरही त्याचा भार पडतो. पाणी मात्र तळ्यातच असतं. पंप लावला की आत, संध्याकाळी परत तळ्यात. साधारण ३४० किलोची पिशवी ताशी ३,००० लिटरच्या पंपाने सात मिनिटांत भरते. दुसरं कारण जिवाचं आहे. बोटीत पाणी शिरून ती बुडू लागली तर शिसं तिला तळाशी ओढतं, पाण्याची बुडालेली पिशवी ओढत नाही, कारण पाण्यात पाण्याचं वजन शून्य. शिवाय पिशवी भरताना हवा काढून टाकता येते, म्हणून ती टाकीइतकी डचमळत नाही. अर्धवट भरलेली टाकी वळणावर सगळं पाणी एका अंगाला फेकते आणि बोट कलते.

जहाजांचा इतिहास वाचलेल्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. इंग्लंडातल्या टाइन नदीवरून कोळसा घेऊन लंडनला जाणारी शिडाची जहाजं परतताना तोल सांभाळायला दगड, वाळू, खडू भरून आणत आणि नदीकाठी ओतत. त्या ढिगांच्या टेकड्या झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लोखंडी आगबोटी आल्या आणि दगडांची जागा पंपाने भरता येणाऱ्या पाण्याने घेतली. मोठ्या जहाजांना ज्याला शतकं लागली तो प्रवास वेकबोर्डच्या बोटींनी जेमतेम एका दशकात केला.

वजन किती एवढंच महत्त्वाचं नाही, ते कुठे हेही तितकंच महत्त्वाचं. सगळं मागे टाकलं तर लाट उभी, अरुंद आणि आपटणारी होते, बोटीचं नाक वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. थोडं पुढेही ठेवलं तर लाट लांब चढासारखी होते आणि उडी मुलायम लागते. डावं-उजवं बिघडलं तर एका बाजूची लाट स्वच्छ राहते आणि दुसरीकडे नुसता फेस. वेकबोर्डिंगचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटर, दोरी वीस मीटरच्या वर. दोरी लांब केली की दोन कडांमधलं अंतर वाढतं आणि लाट तिथे उतरती झालेली असते. मग पुन्हा वजन वाढवायची वेळ येते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी ही गरज मान्य केली. दोरी वर बांधायला टॉवर आला, इंजिन मागे सरकलं, बुडाला खोली आली आणि टाक्या फरशीखाली गेल्या. मालिबू कंपनीने वेज नावाचं पातं बसवलं, जे चालत्या पाण्याच्या दाबाने बोटीची मागची बाजू खाली खेचतं, म्हणजे वजन न भरता वजनाचा परिणाम. पुढे वेकसर्फिंग आलं. यात बोट ताशी १६ ते १८ किलोमीटरने चालते आणि खेळाडू दोरी सोडून थेट लाटेवर राहतो. त्यासाठी आधी सगळं पाणी एका बाजूला भरून बोट मुद्दाम कलती ठेवावी लागे. २०१२-१३ च्या सुमारास मागच्या कडेला हलणारी झाकणं बसवून एका बाजूच्या पाण्याला उशीर करायची युक्ती निघाली आणि बोट सरळ ठेवूनही सर्फची लाट मिळू लागली. या युक्तीवरून मालिबू आणि नॉटिक यांच्यात २०१३ मध्ये पेटंटचा खटलाही उभा राहिला.

धोके मात्र पहिल्यापासून तेच आहेत. पडलेल्या खेळाडूला घ्यायला बोट थांबून वळते, तोवर तिचीच मोठी लाट समोर येते आणि खाली दबलेल्या नाकावरून आत शिरते. अमेरिकेत सहा मीटरपेक्षा लहान मोटरबोटींवर किती भार चालेल याची पाटी कायद्याने लागते. बाहेरून आणलेल्या पिशवीतलं पाणीही त्या भारातच मोजायचं असतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं. जुन्या स्की बोटीत पिशव्या टाकणाऱ्याने ती पाटी आधी वाचावी, असं मी कळकळीने सांगेन.

आता वाद पोहोचलाय तो काठापर्यंत. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट बोटीपासून ६० मीटरवर जेवढी असते, तेवढी उतरायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला १५० मीटरहून अधिक अंतर लागतं, असं त्यांत दिसलं. व्हर्मांट राज्याने २०२४ मध्ये नियम केला: काठापासून किमान १५० मीटर, पाण्याची खोली किमान सहा मीटर. त्याच नियमात आणखी एक अट आहे. वेकबोट एका हंगामात एकाच तळ्यात राहील. दुसरीकडे न्यायची तर आधी निर्जंतुक करावी लागेल. कारण टाकी रिकामी केली तरी तळाशी पाणी उरतं, आणि त्यातून एका तळ्यातले जीव दुसऱ्यात जातात. एका पाहणीत ते सरासरी तीस लिटरच्या आसपास निघालं. झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, तीस लिटरमध्ये ती आरामात प्रवास करतात. हा शिंपला मुळात युरोपातून जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून अमेरिकेच्या महासरोवरांत आला आणि १९८८ मध्ये पहिल्यांदा सापडला.

या टोकाला मुंबईही येते. जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून होणाऱ्या जीवांच्या प्रवासावर जगात जो पहिला मोठा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २००० मध्ये सुरू झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा बंदरांत मुंबई होती, आणि इथल्या बंदरातल्या जीवांच्या नोंदीचं काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं. २००४ चा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. तो समुद्रावरच्या मोठ्या जहाजांना लागू आहे. तळ्यात उतरणाऱ्या सात मीटरच्या बोटीच्या टाकीत काय उरलंय, हे आजही तिचा मालक ट्रेलरजवळ उभा राहून स्वतःच पाहतो.