बिलिरुबिन १.८ आलं म्हणजे कावीळच, असं नाही

रिपोर्टात बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं रंगद्रव्य, किंचित वाढलेलं दिसलं की कोकणात अजूनही काही घरांतून कावीळ ‘उतरवायला’ नेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं. ती कावीळ नव्हे. आधी हाताला चोळलेला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चुन्याशी मिळून रंग देतो. धडधाकट माणसाचे हात तसेच धुवा, पाणी तितकंच पिवळं!

आकडा सुटा वाचू नये. एकूण बिलिरुबिन दर डेसिलिटरला साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. वाढ फक्त ‘इनडायरेक्ट’ची (यकृताने अजून प्रक्रिया न केलेल्या बिलिरुबिनची) असेल आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी), हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) नॉर्मल असतील, तर बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम: यूजीटी१ए१ जनुकातल्या फरकामुळे यकृतातलं एन्झाइम मंद चालतं, एवढंच. आकडा सहसा ३ च्या आत राहतो. कडक एकादशी, ताप, अतिश्रम यांनी चढतो. औषध लागत नाही.

उलट, बिलिरुबिन पेशींचं नुकसान करणारं ऑक्सिडीकरण रोखतं, आणि ते थोडं जास्त असलेल्यांत हृदयविकार, मधुमेह कमी आढळतात. म्हणून त्याने म्हातारपण उशिरा येतं, हे मात्र सिद्ध नाही.

लघवी गडद, शौच पांढरट झालं, किंवा पावसाळ्यात शेतात उतरल्यावर ताप येऊन डोळे पिवळे झाले, तर लेप्टोचीही (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा.