सेशन (आयरिश पारंपरिक संगीत)

सेशन म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक संगीताची बैठक, पण तिला स्टेज नसतं, तिकीट नसतं आणि बहुतेक वेळा माइकही नसतो. पबमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सात, कधी पंधरा-वीस जण वाद्यं घेऊन गोल करून बसतात, तोंडं एकमेकांकडे, त्यामुळे ऐकणाऱ्यांकडे बऱ्याच जणांची पाठच असते. मैफलीत कलाकार ऐकणाऱ्यांसाठी वाजवतो, इथे वाजवणारे एकमेकांसाठी वाजवतात आणि बाकीच्यांनी ऐकलं तर आनंदच आहे. आयरिश भाषेत याला सेशून म्हणतात.

बऱ्याच लोकांना वाटतं ही हजार वर्षांची प्रथा असेल, पण तसं नाहीये. संगीत जुनं आहे, पबमधली बैठक मात्र विसाव्या शतकातली. आधी हे सगळं घराघरात, स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा गावच्या चौरस्त्यावर व्हायचं, आणि तेही मुख्यतः नाचासाठी. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला लायसन्स लागायला लागलं आणि त्याचा धाक घरगुती नाचांनाही बसला. मग दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश लोक बांधकामावर काम करायला लंडनला गेले, राहायला भाड्याच्या छोट्या खोल्या, तिथे कुठे फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणार, म्हणून कॅमडन टाऊन, केंटिश टाऊनकडच्या पबमध्ये जमायला लागले. म्हणजे सेशनची ही पद्धत घर सोडलेल्या माणसांनी घडवली, आणि माझ्या मते नवख्याला जागा करून देण्याची तिची सवय तिथूनच आली असणार. इकडे आयर्लंडमध्ये 1951 साली पारंपरिक संगीतासाठी कोल्टस ही संस्था निघाली, त्याच वर्षी मलिंगरला पहिला फ्ला क्योल हा संगीतमेळा भरला, आणि मग साठच्या दशकात लोकसंगीताची लाट आली तशी गावोगावच्या पबमध्ये सेशनं रुजली.

वाजवतात काय, तर ट्यून, म्हणजे नाचाच्या छोट्या चाली. त्यांचे तालाप्रमाणे प्रकार आहेत: रील, जिग, हॉर्नपाइप, स्लिप जिग, आणि नैऋत्येकडच्या कॉर्क आणि केरी या काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) सीमेवर पोल्का आणि स्लाइड. साधारण ट्यूनचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा, असं 32 खंडांचं एक आवर्तन होतं, ते दोन-तीनदा झालं की न थांबता पुढची ट्यून. कुणी काही जाहीर करत नाही. ज्याने सुरुवात केली तो मान वर करून बघतो किंवा “हप!” म्हणतो, त्या क्षणी सूर बदलतो आणि सगळं टेबल एकदम नव्या ट्यूनमध्ये जातं, हे समोरून पाहताना अंगावर काटा येतो. फिडल, लाकडी फ्लूट, टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), बॅन्जो, पेटीसारखी पात्यांवर वाजणारी कॉन्सर्टिना, बटणांचं अकॉर्डियन, आणि तंबोऱ्यासारखा अखंड सूर धरणारे इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), सगळे मिळून चाल एकच वाजवतात, हरकती ज्याच्या त्याच्या. म्हणून तर बोस्टनचा माणूस क्लेअर काउंटीतल्या अनोळखी पबमध्ये जाऊन पाच मिनिटांत सगळ्यांबरोबर वाजवू शकतो, भाषा येवो न येवो, ट्यून दोघांनाही येते. या सामायिक साठ्यामागे खूप जणांची मेहनत आहे, त्यातलं एक मोठं नाव फ्रान्सिस ओनील, कॉर्कमध्ये जन्मलेला आणि शिकागोचा पोलीसप्रमुख झालेला माणूस, ज्याने 1903 मध्ये 1850 ट्यून छापून ठेवल्या.

आता स्वागताचं. सेशन सगळ्यांना खुलं म्हणतात ते खरं आहे, पण आत जायचा रस्ता कानातून जातो. नवीन माणसाने आधी थोडं ऐकायचं, बसू का म्हणून विचारायचं, येत नसलेल्या ट्यूनमध्ये चाचपडत सूर काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घ्यायची. बाउरॉन हा डफासारखा चामड्याचा ढोल, तो शक्यतो एका वेळी एकानेच वाजवावा, दोन-तीन झाले की लय चिखल होते. हे नियम लिहिलेले कुठेच नसतात आणि ते कुणाला बाहेर ठेवायला नाहीत, उलट एवढं पाळलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लोकच करतात. कडेला व्हिसल मांडीवर धरून तासभर गप्प बसलेल्या पोराला कुणीतरी स्टूल सरकवून जागा देतं आणि म्हणतं, “तू एक सुरू कर ना.” तो घाबरत अगदी हळू सुरू करतो, आणि एरवी वाऱ्यासारखी बोटं चालवणारे चार जाणते त्याच्याच वेगाने, त्याच्या आवाजाच्या खाली राहून वाजवतात. वेग त्याने ठरवायचा, कारण ट्यून त्याने काढली. चांगलं सेशन ओळखायचं ते यावरून. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम स्लो सेशनंही असतात.

मध्येच कुणाला तरी गाणं म्हणायला सांगतात, मग साथ थांबते आणि अख्खा पब चिडीचूप होतो, बारमागचा माणूससुद्धा ग्लास हळू ठेवतो. बऱ्याच पबमध्ये एक-दोन वादकांना मालक पैसे देतो म्हणजे ठरलेल्या दिवशी सेशन होणारच, बाकीचे आवडीने येतात.

क्लेअरमधलं डूलिन हे गाव सेशनसाठी प्रसिद्ध आहे, व्हिसलवादक मिको रसेल तिथला. त्याच काउंटीत मिलटाऊन मालबेला इलन पाइप्स वाजवणाऱ्या विली क्लॅन्सीच्या नावाने 1973 पासून दर जुलैत उन्हाळी शाळा भरते, दिवसा वर्ग आणि संध्याकाळी गावातला एकेक पब वादकांनी भरलेला. डब्लिनला स्मिथफील्ड भागात सेशनसाठी नावाजलेला कॉबलस्टोन हा पब आहे. 2021 मध्ये तिथे नऊ मजली हॉटेल उभं राहणार होतं, पब ठेवणार होते पण मागची खोली, जिथे वर्ग आणि कार्यक्रम होतात, ती जाणार होती. लोक वाद्यं घेऊन वाजवत रस्त्यावर उतरले, महापालिकेकडे हरकतींचा ढीग लागला आणि नोव्हेंबरमध्ये परवानगी नाकारली गेली.