युद्धकालीन प्रचार-भित्तिपत्रके : संग्रह व जतन

सैन्यभरती, युद्धकर्ज, अन्नबचत, गुप्ततापालन अशा हेतूंनी दोन्ही महायुद्धांच्या काळात छापलेली भित्तिपत्रके मिळवणे, ती अस्सल आहेत की नाहीत व कोणत्या काळातील आहेत हे ठरवणे आणि ती टिकवणे, असे या संग्रहाचे स्वरूप आहे. विमानातून टाकलेली पत्रके, बचत प्रमाणपत्रांच्या जाहिराती व शिधावाटपाची छापील पत्रे यांना संग्राहक सहसा वेगळा वर्ग मानतात. पुण्याच्या बाजारात मात्र हे सर्व एकाच गठ्ठ्यात येते.

भिंतीवर चिकटवलेले पत्रक पहिल्या पावसाळ्यातच जाते. आज हाती येणाऱ्या बहुतेक प्रती भिंतीवर कधी लागल्याच नव्हत्या. त्या कचेरीत किंवा छापखान्यात शिल्लक राहिलेल्या, घडी घालून टपालाने पाठवलेल्या आणि कोठेतरी पडून राहिलेल्या प्रती आहेत. म्हणून घडीच्या रेषा हा दोष मानला तरी तो अस्सलतेच्या विरुद्ध पुरावा ठरत नाही. विटलेला गोंद, कोपऱ्यांवरची टाचणीची भोके व मागे लिहिलेला हिशेब यांचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण असल्यामुळे कोऱ्या पाठीचा उपयोग करून घेण्याची रीत सरसकट होती.

किचनर चित्राचा वाद : रोखलेले बोट व भेदक नजर असलेले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे चित्र हे या विषयाचे बोधचिन्हच झाले आहे, पण त्याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. ॲल्फ्रेड लीट यांचे हे चित्र ५ सप्टेंबर १९१४ रोजी ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले व नंतर त्याचे भित्तिपत्रक निघाले. हे युद्धातील सर्वांत प्रभावी भरतीपत्रक होते व त्यामुळे लाखो तरुण सैन्यात गेले, असे जुन्या संदर्भग्रंथांतून सांगितले जाते. अलीकडच्या अभ्यासकांचा आक्षेप असा की, भरतीकेंद्रांच्या समकालीन छायाचित्रांत ते फारसे दिसत नाही. ब्रिटनच्या संसदीय भरती समितीच्या अधिकृत मालिकेतील किचनर यांचे पत्रक निराळे असून त्यात छायाचित्र व भाषणातील उतारा होता. आणि लीट यांच्या पत्रकाची कीर्ती बरीचशी युद्धोत्तर आहे. टिकून राहिलेल्या मूळ प्रती अगदी मोजक्या आहेत, हे पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. समितीने सुमारे १६० नमुन्यांच्या एक कोटीहून अधिक प्रती काढल्याचे सांगतात. लीट यांचे चित्र त्या प्रमाणात छापले गेले असते, तर आज इतके दुर्मीळ झाले नसते. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांच्या ‘अंकल सॅम’ या अमेरिकी भरतीपत्रकाची गोष्ट उलटी आहे. ते चित्रही आधी, जुलै १९१६ मध्ये, साप्ताहिकाचे मुखपृष्ठ होते. पण १९१७-१८ मध्ये त्याच्या सुमारे ४० लाख प्रती निघाल्या, म्हणून अस्सल प्रत अधूनमधून विक्रीला येते. पुण्यात कोणी अस्सल म्हणून किचनर दाखवू लागला, तर ती नक्कल असल्याचे धरूनच तपासणीला सुरुवात करावी.

‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा व काम चालू ठेवा) हे ब्रिटिश पत्रक हेही असेच, नंतर कीर्ती मिळाल्याचे उदाहरण आहे. १९३९ मध्ये त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या, पण त्या अधिकृतपणे लावल्याच गेल्या नाहीत व बहुतेकांचा लगदा झाला. इंग्लंडमधील ॲल्निक येथील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात २००० मध्ये एक प्रत सापडली आणि तेथून नकलांचा पूर आला.

अस्सलता व कालनिश्चिती : ब्रिटिश सरकारी प्रकाशनांचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ५० वर्षांनी संपतो व अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या प्रकाशनांना तो नसतोच. त्यामुळे नकला कायदेशीर आहेत व अमाप आहेत. दोष असतो तो नक्कल मूळ म्हणून विकण्यात.

पहिली कसोटी खालच्या समासातील मुद्रणओळीची. अमेरिकी पत्रकावर सरकारी छापखान्याचे नाव, वर्ष, मग ‘ओ’ हे अक्षर व क्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पत्रकांवर मुद्रकाचे नाव व बऱ्याचदा ‘५१–’ ने सुरू होणारा क्रमांक आढळतो. चौकटीत बसवण्यासाठी हाच समास कापून टाकलेला असतो, आणि तसे पत्रक निम्मे मुके होते. दुसरी कसोटी मापाची. ब्रिटिश व भारतीय छपाईत २०×३० इंच हे ‘डबल क्राउन’ माप रूढ होते, म्हणजे बाजूंचे प्रमाण २:३. आजच्या नकला बहुधा ए२ किंवा ए३ कागदावर असतात व त्यांचे प्रमाण सुमारे १:१·४१ येते. कातरलेल्या प्रतीला ही कसोटी लावू नये. जर्मन पत्रकांनाही ती लागू नाही, कारण ‘ए’ मालिकेची मापे तेथे १९२२ पासून प्रमाणित होती.

तिसरी कसोटी दहापट भिंगाची. शिळामुद्रित (दगडावरून छापलेल्या) पत्रकात खडूच्या रेघेसारखी रवाळ छटा दिसते. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची जुनी चित्रे हाताळलेल्यांना ती परिचित असते. ऑफसेट छपाईत ठिपके असतात व युद्धकाळात ऑफसेटही होतेच, तेव्हा नुसते ठिपके दिसले म्हणून पत्रक खोटे ठरवणे चूक आहे. पाहायचे ते अक्षरांकडे. मूळ प्रतीत अक्षराची कड सलग व भरीव असते. छायाचित्रावरून काढलेल्या नकलेत अक्षरही ठिपक्यांनीच बनते आणि चित्राच्या भागात ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीदार लहरी उमटतात. चौथी कसोटी अतिनील दिव्याची. कागदात प्रकाशवर्धक रसायने घालण्याची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. १९४३ चे म्हणून दिलेले पत्रक अंधारात निळसर पांढरे झगझगत असेल तर ते संशयास्पद. मात्र मागे लावलेले नवे कापड किंवा साबणाचा अंश यांमुळेही ते चमकू शकते, म्हणून पुढची बाजू व कडा वेगवेगळ्या पाहाव्यात.

मराठी मजकूर असलेल्या पत्रकांसाठी आणखी एक कसोटी आहे व ती परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि ‘त्यानें’, ‘घरें’, ‘करावें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले. १९१७ किंवा १९४३ च्या म्हणवणाऱ्या सरकारी पत्रकात सर्वत्र ‘त्याने’, ‘करावे’ असेल, तर मजकूर उत्तरकालीन असण्याची शक्यता मोठी आहे. काही लेखक व नियतकालिके पूर्वीही अनुस्वार गाळत, म्हणून हा एकटा पुरावा निर्णायक मानू नये. किंमत आणे-पैत नसून नव्या पैशांत असेल तर पत्रक १९५७ च्या आधीचे नाही. विक्रेत्याच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो शिक्का १९७२ नंतरचा. शिक्का उत्तरकालीन असला तरी पत्रक जुने असू शकते.

भारतीय पत्रके : ब्रिटनमध्ये १९१६ च्या आरंभी सक्तीची भरती आली व भरतीपत्रकांची गरज ओसरली. भारतीय सैन्यात भरती दोन्ही युद्धांत ऐच्छिकच राहिली, त्यामुळे येथील भरतीपत्रके युद्धाच्या अखेरपर्यंतची असू शकतात. गणवेश, बंदूक व रुपये मांडून ‘हे कोण घेणार? जो सैन्यात भरती होईल तो’ असे विचारणारे पहिल्या महायुद्धातील उर्दू पत्रक प्रसिद्ध आहे. १९१७ व १९१८ ची युद्धकर्जे, तसेच दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रीय युद्ध आघाडी व ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम यांसाठीही चित्रपत्रके निघाली. एकच रंगीत चित्र ठेवून निरनिराळ्या भाषांतील मजकूर नंतर काळ्या शाईत छापल्याचे आढळते. अशा प्रतीत अक्षरे चित्रावर किंचित सरकलेली दिसतात.

पुण्यात संग्रह : लष्कर, खडकी व दारूगोळा कारखाना यांमुळे युद्धाचा कागद पुण्यात भरपूर आला, तो शहराच्या पेठांत कितपत जपला गेला, हा वेगळा प्रश्न. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांना बोलताना अडवले व टिळक सभा सोडून निघाले. अशा वातावरणात सरकारी भरतीपत्रक घरात कोणी हौसेने ठेवले असेल, असे वाटत नाही. जे मिळते ते बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, रद्दीवाल्यांकडे, किंवा लष्कर भागातील जुने बंगले रिकामे होताना. गठ्ठ्याच्या तळचा कागद व पुठ्ठ्यांना अस्तर म्हणून लावलेला कागद उलटून पाहणे फायद्याचे असते. वस्तू कोठून व कशाबरोबर मिळाली ते त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहावे. पत्रकाच्या पाठीवर लिहू नये.

जतन : स्वस्त लाकूडलगद्याचा कागद स्वतःच्या आम्लाने पिवळा व ठिसूळ होतो. पुण्यात त्यात हवामानाची भर पडते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते व जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. या फरकाने कागद ताणतो-आक्रसतो व घड्यांवर चिरतो. आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. पत्रके सपाट, आम्लरहित कागदाच्या थरांत, जमिनीपासून किमान १५ सेंमी. वर ठेवावीत. पावसाळ्याची ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नये. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की ओव्हनमध्ये सु. ११०-१२० अंश से.ला वाळवून पुन्हा वापराव्यात. कसर व झुरळे यांसाठी पोथ्यांच्या दप्तरात ठेवतात तसे वेखंड चालते, पण कापडी पुरचुंडीत आणि कागदाला न लागेल असे.

पारदर्शक चिकटपट्टी हा सर्वांत मोठा शत्रू. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो व डाग जात नाही. लॅमिनेशनही परत काढता येत नाही. फाटलेली कड पातळ जपानी कागदाची पट्टी व गव्हाच्या सत्त्वाची खळ यांनी मागून जोडावी. एक भाग सत्त्व व चार-पाच भाग पाणी सतत ढवळत अर्धा तास शिजवून, गार करून, गाळून घेतात. बुकबाइंडरची मैद्याची खळ वापरू नये. तिच्यातील चिकट प्रथिनाने कीड येते आणि ती टाळण्यासाठी घातलेला मोरचूद कागदच खातो. धुण्यापूर्वी प्रत्येक रंगावर कोपऱ्यात ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवावा व मिनिटाने टीपकागदाने टिपावा. रंग उतरला तर पाणी लावू नये. रबरी शिक्क्यांच्या शाया हमखास फुटतात, आणि धुलाईत पत्रके बिघडतात ती बहुधा चित्राची चाचणी घेऊन शिक्क्याची न घेतल्यामुळे. कापडावर चढवणे तज्ज्ञाकडेच सोपवावे. कापड व पत्रक यांमध्ये आम्लरहित कागदाचा थर हवा.

चौकटीत पत्रक काचेला टेकू देऊ नये. ओलसर हवेत शाई काचेला चिकटते. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) आत ठेवून तीन-चार महिन्यांनी पत्रक बदलावे.

कायदा : १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू, तसेच ऐतिहासिक मूल्य असलेले व किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित, अभिलेख किंवा दस्तऐवज पुरावस्तू ठरतात, आणि खाजगी व्यक्तीला पुरावस्तू निर्यात करता येत नाहीत. असंख्य प्रतींत छापलेले पत्रक ‘दस्तऐवज’ ठरते का, याविषयी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. पहिल्या महायुद्धातील पत्रकांनी मात्र शंभरी ओलांडली आहे. म्हणून परदेशी विक्रीपूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मागावे.