टर्मिनलमधून ईमेल

टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या पडद्यावर, कमांड टंकून ईमेल पाठवणे, वाचणे व साठवणे. युनिक्स व लिनक्सवर ही पद्धत रूढ असून सर्व्हरवरून आपोआप जाणाऱ्या सूचनांसाठी ती विशेष वापरात आहे.

आरंभाबाबत मतभेद आहेत. एमआयटीच्या सीटीएसएस या अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या संगणक प्रणालीवरील ‘मेल’ ही कमांड टॉम व्हॅन व्लेक व नोएल मॉरिस यांनी १९६५ मध्ये लिहिली. तिची कल्पना त्याआधी लुई पूझँ, ग्लेंडा श्रोडर व पॅट क्रिसमन यांच्या एका टिपणात आली होती. टिपणावर तारीख नाही. ते १९६४ची अखेर ते १९६५चा आरंभ या काळातले मानतात. ही पत्रे एकाच यंत्राच्या वापरकर्त्यांपुरती राहत, म्हणून काही जण १९७१ मध्ये दोन यंत्रांदरम्यान संदेश पाठवणाऱ्या रे टॉमलिन्सन यांना पहिल्या ईमेलचा मान देतात. नेटवर्कपुरते ते योग्यच. टर्मिनलवरील मेलचा आरंभ मात्र सीटीएसएसपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढच्या टर्मिनल-प्रोग्रॅमांपैकी कर्ट शोन्स यांचा बर्कली मेल १९७८च्या सुमाराचा, तर मायकेल एल्किन्स यांचा मट १९९५चा.

पत्र पाठवताना ‘मेल -एस’ (mail -s) या कमांडपुढे अवतरणांत विषय, मग पत्ता द्यावा, मजकूर संपल्यावर नव्या ओळीवर कंट्रोल-डी दाबावे. पत्र पोचवण्याचे काम मेल स्वतः करत नाही; ते सेंडमेल या पत्रे पोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडे किंवा त्याच्या जागी बसवलेल्या प्रोग्रॅमकडे सोपवते. त्यामुळे कमांड बिनतक्रार संपली तरी पत्र रांगेत अडकलेले असू शकते. ‘मेलक्यू’ (mailq) या कमांडने ते दिसते. घरगुती इंटरनेट जोडणीवर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरांमध्ये पत्रे जाण्याचा क्रमांकित मार्ग, बहुधा बंद असतो. अशा वेळी एमएसएमटीपी (msmtp) हा छोटा पाठवणी-प्रोग्रॅम बसवून ईमेल सेवादात्याच्या ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून पाठवावे. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो. तो फाइलमध्ये ठेवल्यास फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, असावी.

देवनागरी मजकुराची अडचण वेगळी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचे असते आणि काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीत एका ओळीची मर्यादा ९९८ बाइट, म्हणजे सलग देवनागरीची जेमतेम ३३२ चिन्हे. एवढा परिच्छेद न तोडता लिहिणे मराठीत सहज घडते, म्हणून मजकूर साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या रूपात बदलून पाठवणे श्रेयस्कर. त्याच्या दोन पद्धतींपैकी क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये एका चिन्हाची ९ अक्षरे होतात, बेस-६४मध्ये ४. मराठीसाठी बेस-६४ सरस. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टमध्ये यूटीएफ-८ लोकेल (भाषा व अक्षरपद्धतीची मांडणी) नसेल, तर मेलएक्स या मेलच्याच प्रकारच्या प्रोग्रॅमच्या काही आवृत्त्या मजकुराला अनोळखी बायनरी समजतात आणि वाचणाऱ्याला पत्राऐवजी जोडपत्र मिळते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘लँग’ (LANG) या चलात ते लोकेल ठरवून दिल्यास हा दोष सहसा जातो.

साठवणीसाठी एमबॉक्स व मेलडिर हे दोन प्रकार आहेत. एमबॉक्समध्ये सारी पत्रे एकाच फाइलमध्ये जातात, त्यामुळे लिहिताना ती फाइल कुलूपबंद करावी लागते. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ‘टीएमपी’ या फोल्डरमध्ये पूर्ण लिहून मगच ‘न्यू’ या फोल्डरमध्ये हलवली जाते, अर्धवट पत्र वाचकापुढे येत नाही. सर्व्हरवरील पत्रे उतरवणाऱ्या एमबीसिंक या प्रोग्रॅममध्ये ‘एक्सपंज बोथ’ (दोन्हीकडून पुसा) ही मांडणी ठेवल्यास इकडे खोडलेले पत्र सर्व्हरवरूनही कायमचे जाते.